इंजिनाच्या श्वासाचा इतिहास

इ. स. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावाने निजाम-उल्-मुल्काला भोपाळच्या कोटाचा आसरा घेण्यास भाग पाडले. निजामाजवळ फौज मोठी होती, तोफखाना जबर होता. तेव्हा बाजीरावाने कोटाच्या भिंतीवर डोके आपटले नाही. त्याने रस्ते अडविले, रसद मारली आणि आत कोंडलेल्या त्या प्रचंड सैन्याला धान्याच्या दाण्यास महाग केले. तोफा होत्या तेथेच राहिल्या आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दुराई सराई येथे निजामाने तहावर सही केली. माळवा आणि नर्मदा-चंबळ यांमधील मुलूख मराठ्यांना देण्याचे व शिवाय पन्नास लाख रुपये खंडणीदाखल मिळवून देण्याचे त्याने मान्य केले.

त्याच १७३८ साली युरोपात स्ट्रासबर्ग येथे डॅनियल बर्नुली या गणितज्ञाचा ‘हायड्रोडायनामिका’ हा ग्रंथ छापून बाहेर पडला. वाहत्या द्रवाचा वेग व त्याचा दाब यांचे नाते या ग्रंथाने प्रथमच शास्त्राच्या चौकटीत बसविले. भोपाळचा वेढा आणि बर्नुलीचा ग्रंथ यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, हे उघड आहे. परंतु दोहोंतून निघणारा बोध एकाच जातीचा आहे. शक्ती नुसती कोठारात साठवून भागत नाही. ती जेथे हवी तेथे ज्या वाटेने जावयाची, त्या वाटेच्या रुंदीवर, वळणावर आणि अडथळ्यांवर ती अवलंबून असते. मोटारीच्या इंजिनाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो पुष्कळ अंशी या वाटेच्या शोधाचाच इतिहास आहे. विशेष हे की, या शोधात विद्यापीठांतील पंडितांच्या बरोबरीने घराच्या पडवीत कानस घेऊन बसलेल्या मेस्त्रीचाही वाटा आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. मापात सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरांच्या आसपास हवा इंजिनाला ओढून घ्यावी लागते. पेट्रोल वाढविणे सोपे असते. नळी थोडी मोठी केली की काम झाले. हवा वाढविणे हेच खरे कठीण काम. दीड लिटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर त्यातील प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पन्नास वेळा श्वास घेतो, आणि पिस्टन खाली जाण्याच्या त्या एका धावेस सेकंदाचा दोनशेवा भाग एवढाच वेळ मिळतो. एवढ्या वेळात हवेने गाळणीतून, कार्बोरेटरातून, मॅनिफोल्ड नावाच्या फाटे फुटलेल्या नळातून, हेडमधल्या वाकड्या बोळातून आणि शेवटी झडपेच्या कडेच्या फटीतून आत शिरावयाचे असते. या वाटेत कोठेही अडखळली तर सिलिंडर अर्धपोटी राहतो. आणि अर्धपोटी सिलिंडराकडून पूर्ण कामाची अपेक्षा कोणी करू नये.

आरंभीच्या काळी या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. निकोलाउस ऑटो याने १८७६ साली जर्मनीत चार धावांचे इंजिन चालू केले, तेव्हा ते चालते हेच नवल होते. पुढे गॉटलिब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनी ते हलके व चपळ केले. १८९३ साली मायबाखने फवाऱ्याचा कार्बोरेटर काढला. निमुळत्या गळ्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबाने पेट्रोल आपोआप वर ओढले जाते, ही त्यामागची युक्ती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा बर्नुली येथे प्रत्यक्ष कामाला लागला. परंतु हवा आत घेणारी झडप मात्र त्या काळी आपखुशीने उघडणारी असे. पिस्टनने ओढ दिली की नाजूक स्प्रिंग दबून ती उघडावयाची आणि ओढ संपली की मिटावयाची. ज्या ओढीने हवा आत यावयाची, त्यातलीच काही ओढ दार उघडण्यात खर्ची पडे. इंजिन वेगाने फिरू लागले की ही झडप गोंधळून जाई. १९०१ सालच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत मायबाखने ही झडप दांडीच्या उंचवट्याने, म्हणजे कॅमने, ठरल्या क्षणी सक्तीने उघडण्याची योजना केली. इंजिनाचा श्वास हा तेव्हापासून नशिबाचा भाग न राहता योजनेचा भाग झाला.

यापुढचे पाऊल फ्रान्समध्ये पडले. १९१२ साली प्युजो कंपनीने शर्यतीसाठी जे इंजिन बांधले, त्यात प्रत्येक सिलिंडरास दोनाऐवजी चार झडपा आणि त्या चालविण्यासाठी हेडवरच दोन कॅमदांड्या होत्या. एका मोठ्या दारापेक्षा दोन लहान दारे बरी. त्यांचे वजन कमी, उघडझाप चपळ आणि हवेला मिळणारी एकूण वाट अधिक, असा त्यामागील विचार. त्या वर्षीची फ्रेंच ग्रां प्री जॉर्ज ब्वायो याने याच गाडीवर जिंकली, आणि जिंकताना याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकले. आजच्या घरोघरच्या लहान मोटारींतही प्रत्येक सिलिंडरास चार झडपा असतात; त्यांचे मूळ त्या प्युजोत आहे.

मात्र कागदावर आखलेली वाट आणि कारखान्यातून निघालेली वाट यांत अंतर असते. हे अंतर का पडते, हे समजण्यासाठी कोल्हापूरच्या एखाद्या ओतशाळेत जाऊन पाहावे. तेल-इंजिने व त्यांचे सुटे भाग यांसाठी ते शहर प्रसिद्धच आहे. पोकळ भाग ओतावयाचा म्हणजे जेथे पोकळी हवी तेथे वाळूचा गाभा बसवावा लागतो. वितळलेला धातू त्याभोवती पसरतो, थिजतो आणि मग वाळू झाडून काढली की आत नळ तयार होतो. हा गाभा केसभर सरकला तरी नळ एका बाजूस झुकतो. वाळूचा खरखरीतपणा धातूवर उमटतो. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे धातूची बारीक धार राहते. शिवाय मॅनिफोल्ड एका साच्यातून येतो आणि हेड दुसऱ्यातून. दोहोंची तोंडे एकमेकांसमोर येतात तेव्हा कित्येकदा एकाची कड दुसऱ्याच्या वाटेत पायरीसारखी पुढे आलेली असते. हजारो नग काढणाऱ्या कारखान्याला प्रत्येक नगाची आतून घिसाई करणे परवडत नाही. तेव्हा कारखाना जे सोडून देतो, ते एखाद्या चिकाटीच्या माणसाला हाताने मिळविता येते. इंजिनाची शक्ती घरच्या घरी वाढविण्याच्या साऱ्या खटपटीचा उगम येथे आहे.

या खटपटीस शास्त्राचे रूप ज्यांनी दिले त्यांत इंग्लंडचा हॅरी वेस्लेक हे नाव प्रमुख आहे. १८९७ साली जन्मलेल्या या गृहस्थाची मोठी कामगिरी म्हणजे, हेडमधून किती हवा जाते हे तर्काने न सांगता प्रत्यक्ष मोजावयाचे, असा त्याने धरलेला आग्रह. हेड एका यंत्रावर बसवावयाचे, ठरावीक दाबाने त्यातून हवा ओढावयाची, झडप थोडी थोडी उघडत न्यावयाची आणि दर टप्प्यास आकडा टिपावयाचा. मग कोठे थोडे खरवडून, कोठे थोडे भरून पुन्हा मोजावयाचे. बेंटली कंपनीने १९२० नंतरच्या दशकात त्याची मदत घेतली. १९३५ साली विल्यम लायन्स याने आपल्या नव्या जॅग्वार गाडीसाठी त्याला बोलाविले. स्टँडर्ड कंपनीचे जे इंजिन हाती होते, त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस असत आणि ते सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्ती देई. वेस्लेकने झडपा डोक्यावर आणणारे नवे हेड आखले आणि मूळ धड तेच ठेवून शक्ती शंभराच्या पलीकडे नेली. पेट्रोल तेच, सिलिंडर तेच. बदलली ती हवेची वाट.

हिंदुस्थानातही असाच एक पालट लोकांच्या डोळ्यांसमोर झाला, परंतु तो कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अम्बॅसडर गाडीत प्रारंभी बाजूच्या झडपांचे १४७६ सीसीचे इंजिन असे. १९६० च्या आसपास त्याची जागा डोक्यावरच्या झडपांच्या १४८९ सीसीच्या इंजिनाने घेतली. आकारात म्हणावा असा फरक नाही, पण गाडी चढावर जी दमत असे ती कमी दमू लागली. २०१४ साली ती गाडी निघणे बंद झाले. तोवर देशातील मेस्त्र्यांच्या कित्येक पिढ्या तिच्या हेडवरच काम शिकल्या.

अमेरिकेत हा उद्योग सामान्य तरुणांच्या हाती गेला. हेन्री फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरांचे व्ही आकाराचे इंजिन सर्वसाधारण माणसाला परवडेल अशा गाडीत घातले. त्याची शक्ती ६५ अश्वशक्ती होती आणि त्याच्या झडपा बाजूस होत्या. कॅलिफोर्नियातील आटलेल्या सरोवरांच्या सपाट पात्रांत वेगाची शर्यत लावण्याचा नाद त्या काळच्या पोरांना लागला, आणि जुन्या फोर्ड गाड्या विकत घेऊन ते त्यांची इंजिने उघडू लागले. झडपेपासून सिलिंडरपर्यंत हवेला जी पायरी ओलांडावी लागे ती ते तासून काढीत आणि आतले नळ रुंद करीत. लॉस एंजल्समधील व्हिक एडेलब्रॉक याने दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोन कार्बोरेटर बसतील असा स्वतःचा मॅनिफोल्ड ओतवून घेतला. स्वतःच्या गाडीसाठी केलेली ती वस्तू इतरांनी मागितली आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. युद्धानंतर, १९४८ साली, या नादाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. त्याच वर्षी फिल अर्व्हिंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याचे मोटारसायकलींची शक्ती वाढविण्यावरील ‘ट्यूनिंग फॉर स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवर जी विद्या गुरूच्या कानगोष्टीने चालत होती, ती आता विकत मिळू लागली.

या विद्येचा सर्वांत हट्टी उपासक न्यूझीलंडात निपजला. बर्ट मन्रो हे त्याचे नाव. १९२० साली त्याने ‘इंडियन’ नावाच्या अमेरिकन कंपनीची स्काउट मोटारसायकल घेतली. नव्या गाडीचा वेग ताशी ५५ मैल होता. मन्रोने ती पुढे कित्येक दशके सोडली नाही. पिस्टन त्याने घरी ओतले, कॅम हाताने घासले, कनेक्टिंग रॉड जुन्या ट्रकच्या आसापासून कोरून काढले. भाग तुटला की तो मांडणीवर ठेवावयाचा आणि दुसरा करावयाचा, असा त्याचा क्रम होता. १९६७ साली वयाच्या ६८ व्या वर्षी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या खारट मैदानावर त्याने ताशी १८३.५८६ मैल वेगाचा विक्रम नोंदविला. २०१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, हिशेबातील एक चूक दुरुस्त होऊन तो आकडा १८४.०८७ ठरला. सत्तेचाळीस वर्षांच्या जुन्या यंत्रातून तिपटीहून अधिक वेग निघाला. कोणत्याही कारखान्याने ज्यावर एक दिवसही घालविला नसता, त्यावर एका माणसाने आयुष्य घालविले होते.

अशी उदाहरणे ऐकली म्हणजे वाटते की, नळ रुंद करीत जावे आणि शक्ती वाढत जावी. नवखा मेस्त्री नेमका येथेच फसतो. नळाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर त्याचे क्षेत्र एकवीस टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच हवेचा वेग सुमारे सतरा टक्क्यांनी उतरतो. वेगवान हवेला स्वतःची धाव असते. पिस्टन खालून वर फिरू लागला तरी ती मागच्या रेट्याने काही काळ आत शिरतच राहते. नळ भलताच मोठा केला तर ही धाव मरते. मग इंजिन अति वेगात थोडे बरे चालेल, पण गावातील रस्त्यावर, चढावर, बैलगाडीच्या मागून हळू चालताना ते पूर्वीपेक्षाही नेभळट होईल. दुसरी फसगत झिलईची. आतला नळ आरशासारखा चकचकीत केला की हवा सुळकन जाईल, असे डोळ्यांना वाटते. परंतु कार्बोरेटरच्या इंजिनात त्या नळातून नुसती हवा जात नाही, पेट्रोलचे तुषारही जातात. गुळगुळीत भिंतीवर त्यांचे ओघळ होतात. किंचित खरखरीत भिंत त्यांना पुन्हा हवेत मिसळण्यास मदत करते. म्हणून जाणता मेस्त्री श्वास घेण्याच्या वाटेवर साधा पॉलिश पेपर फिरवून थांबतो आणि झिलईची हौस धूर जाण्याच्या वाटेवर भागवितो.

मग करावयाचे काय? मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड यांची तोंडे प्रथम जुळवून पाहावयाची. गॅस्केट ठेवून धातूवर रेघ मारावयाची आणि वाटेत येणारी पायरी तेवढी काढावयाची. ओतकामाची धार घासून टाकावयाची. झडपेच्या दांडीला धरणारा जो उंचवटा नळात डोकावतो, त्यास बेताने निमुळते करावयाचे. नळ जेथे झडपेकडे वळतो तेथील आतला काठ हवेला सर्वांत अवघड जातो; तो गोलसर करावयाचा, पण खणून काढावयाचा नाही. झडपेची बैठक तीन कोनांत कापावयाची, म्हणजे हवा कडेवरून अडखळत न पडता वळून आत जाते. हे सारे करताना पदोपदी मोजमाप हवे, आणि चारही सिलिंडरांचे नळ सारखे राहावयास हवेत. हात थोडा जास्त चालला की भिंतीपलीकडे पाण्याची पोकळी लागते आणि हेड कायमचे वाया जाते. हवा वाढली आणि कार्बोरेटरचा जेट होता तोच ठेवला, तर मिश्रण विरळ होऊन पिस्टनला भोक पडण्याची वेळ येते. साध्या गाडीवर या साऱ्या खटाटोपाचे फळ शेकडा थोडेच असते. ज्यास याहून मोठे वचन कोणी देईल, त्याने ते ऐकून सोडून द्यावे हे बरे.

वाट किती रुंद यापेक्षा ती किती लांब, हाही प्रश्न आहे. झडप मिटली की नळातील हवेला धक्का बसतो आणि त्या धक्क्याची लाट नळात मागे-पुढे धावत राहते. पुढच्या वेळी झडप उघडताना ही लाट नेमकी परत येऊन पोचली, तर हवा अधिक रेटून आत जाते. १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या काही गाड्यांना तीस-तीस इंच लांबीचे नळ बसविले. काही मोजक्या गाड्यांत मात्र बाहेरून तसाच दिसणारा, पण आतला पडदा अर्धा काढून टाकलेला मॅनिफोल्ड होता. त्याची कामाची लांबी पंधरा इंच झाली होती. लांब नळाने मध्यम वेगात जोर दिला, आखूड नळाने अति वेगात. बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंत फरक दिसला नसता.

कधी कधी वाट रुंद न करता अरुंद करणे हेच शहाणपण ठरते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची मर्लिन इंजिने विमानाने एकदम नाक खाली घातले की गुदमरत आणि बंद पडू लागत, कारण कार्बोरेटरात पेट्रोलचा पूर येई. १९४१ साली फार्नबरोच्या संशोधनशाळेतील बिअट्रिस शिलिंग या अभियंत्या बाईंनी त्यावर धातूच्या एका लहानशा चकतीचा उपाय काढला. त्या चकतीतील छिद्र इतके मोजून पाडले होते की, इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल जाईल, अधिक नाही. या बाई स्वतः मोटारसायकल शर्यतीत उतरत आणि ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्यांनी ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी वेग गाठला होता. मोठमोठ्या योजनांची वाट न पाहता विमानतळांवर जाऊन त्यांनी या चकत्या बसवून घेतल्या.

ही सर्व चर्चा भोपाळच्या रस्त्यावर आणून पाहिली म्हणजे तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. भोपाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा शेकडा सहाच्या आसपास कमी असतो. म्हणजे तेच इंजिन तेथे प्रत्येक श्वासाला तितकी कमी हवा घेते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा आणखी विरळ होते. समुद्रकाठच्या २० अंशांच्या थंड सकाळी जेवढी हवा सिलिंडरात जाते, त्याहून भोपाळच्या उन्हाळी दुपारी सुमारे एक अष्टमांश हवा कमी जाते. मेस्त्रीने हेड घासून जे शेकडा चार-पाच मिळविले, ते सूर्य एका दुपारी परत घेतो. आणि धुळीने गच्च भरलेली हवेची गाळणी वेळेवर साफ केली नाही, तर हाताच्या कामाचे मोल शून्यच होते. शेतावरच्या पंपाच्या इंजिनाबाबतही हाच नियम आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्यापासून १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सपर्यंत ज्यांनी महाराष्ट्राच्या विहिरींवर डिझेल इंजिने बसविली, त्यांच्या गिऱ्हाइकाला इंजिनाची शक्ती वाढविण्याआधी ती गमावू न देणे अधिक महत्त्वाचे होते.

भोपाळच्या आसपास हवेच्या वाटेचे शास्त्र फार मोठ्या प्रमाणावरही पाहावयास मिळाले. तेथून थोड्याच अंतरावर इटारसी येथे रेल्वेची डिझेल इंजिनांची मोठी शेड आहे. १९६२ साली अमेरिकेतून आलेले आणि १९६४ पासून वाराणसीस बांधले जाऊ लागलेले डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन सोळा सिलिंडरांचे आणि २६०० अश्वशक्तीचे होते. त्याचा श्वास पिस्टनच्या ओढीवर सोडलेला नव्हता. जाणाऱ्या धुरानेच एक चक्र फिरवावयाचे आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून आत भरावयाची, ही स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली नोंदविलेली कल्पना त्यात होती. पुढे त्याच सोळा सिलिंडरांच्या जातीतून, चांगली हवा-यंत्रे व इतर सुधारणा यांच्या बळावर, ३१०० अश्वशक्ती काढण्यात आली. मेस्त्री कानशीने जे शोधतो, तेच येथे कारखान्याने शोधले.

खुद्द भोपाळात १९५६ साली ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. पंडित नेहरूंनी १९६० साली तो राष्ट्राला अर्पण केला आणि १९७४ साली तो भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाला. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरचे सरकारी दप्तर भोपाळला हलले, तेव्हा त्याच्याबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. या कारखान्यात पाण्यावर चालणारी टर्बाइने तयार होतात. टर्बाइनमध्ये हवेऐवजी पाणी असते आणि नळाचा व्यास इंचांत न मोजता मीटरमध्ये मोजावा लागतो. परंतु पाण्याला वळविणाऱ्या पात्यांचा आकार आणि त्यांच्या पृष्ठाची सफाई यांवर विजेचे उत्पादन ठरते. बर्नुलीच्या ग्रंथाचा मूळ विषय पाणीच होता.

दोन धावांच्या इंजिनाने ही विद्या भारतात गल्लोगल्ली नेली. या इंजिनाला झडपाच नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन स्वतः उघडतो व झाकतो. म्हणून खिडकी एक मिलिमीटर वर सरकली तरी इंजिनाचा स्वभाव पालटतो. पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन याने एमझेड कंपनीत या खिडक्या आणि धुराची नळी यांचा मेळ घालून १९६१ साली १२५ सीसीमधून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला आणि ती विद्या जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षी सुझुकीला ५० सीसीच्या वर्गात जगज्जेतेपद मिळाले. काडेन मात्र आपल्या जागी काम करीत राहिला. आपल्याकडे १९८५ साली ९८ सीसीची आणि ११ अश्वशक्तीची यामाहा आरएक्स-१०० आली आणि महाराष्ट्रासह देशभर तिच्या सिलिंडरच्या खिडक्या घासण्यात पटाईत असलेले मेस्त्री तयार झाले. १९९६ साली ती गाडी बंद झाली, तरी तिच्यावर काम करणारे हात आजही आहेत.

परंतु काळ पालटला आहे. नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई केली आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा अर्थ अधिक ठामपणे सांगितला. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियमही फार कडक झाले. नव्या गाडीत कार्बोरेटर नाही. हवा मोजून पेट्रोल किती सोडावयाचे हे संगणक ठरवितो. इंजिनाची वाट वाकडी केली तर त्याचा हिशेब चुकतो आणि धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा श्वास हा केवळ तिच्या मालकाचा खासगी प्रश्न नाही. म्हणून या विद्येची खरी जागा शर्यतीचे बंद मैदान, जुन्या यंत्रांची जपणूक आणि तंत्रशाळेचे बाक ही होय. विजेच्या गाडीला तर मुळी श्वासच नाही.

तरीही जे हात हे काम शिकले, त्यांची विद्या फुकट गेली असे म्हणता येणार नाही. साऱ्या यंत्रात अडचण नेमकी कोठे आहे हे आधी मोजून काढावयाचे, मगच धातूला हात लावावयाचा, आणि पुरेसे झाले की थांबावयाचे, हा धडा वेस्लेकच्या मोजणी-यंत्रावर जितका खरा होता तितकाच मन्रोच्या पडवीतही खरा होता. काढलेला धातू परत भरता येत नाही. म्हणून चांगल्या मेस्त्रीची परीक्षा त्याने किती घासले यावरून होत नाही. कोठे हात आवरला, यावरून होते. असे मेस्त्री अजून गावोगावी आहेत. त्यांच्याजवळचे हे ज्ञान वहीत उतरले नाही आणि तंत्रशाळेतील मुलांपर्यंत पोचले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच संपेल.